कॉलीचे डोके आणि बुलची छाती: लर्चर निवडण्याविषयीच्या एका समजुतीचा प्रतिवाद

लर्चर ही जात नव्हे, तो संकर आहे. आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळ कुत्र्याप्रमाणे नजरेने सावज हेरून धावणारा ग्रेहाउंड किंवा व्हिपेट एका बाजूला, आणि मेंढपाळाचा कुत्रा (जसा बॉर्डर कॉली) किंवा टेरियर (जसा बुल टेरियर) दुसऱ्या बाजूला, असे त्याचे रक्त असते. ब्रिटनमध्ये सशांच्या बंदोबस्तासाठी असा कुत्रा शोधणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: "बॉर्डर कॉलीच्या संकराला डोके असते, पण तो हळवा आणि नाजूक, बुल टेरियरच्या संकराला छाती असते, तो माघार घेत नाही आणि त्याला काही होत नाही, तेव्हा खरे काम हवे असेल तर बुलच घ्या." या सल्ल्याचा एकेक तुकडा तपासला तर फार थोडे हाती उरते, आणि चुकीच्या निवडीची किंमत कुत्र्यालाच मोजावी लागते.

पहिला प्रश्न असा की ही छाती लागते कशासाठी? मराठीत आपण रॅबिट आणि हेअर या दोघांनाही ससाच म्हणतो, परंतु इंग्लंड आणि वेल्समध्ये या दोहोंतला फरक हा कायद्यातला फरक आहे. २००४ चा शिकारविषयक कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. त्यानुसार उंदीर आणि बिळात राहणारा रॅबिट यांच्यामागे, जमीनमालकाची परवानगी असेल तर, कुत्रा सोडता येतो. हेअर, कोल्हा किंवा हरीण यांच्यामागे तो सोडणे हा काही अरुंद अपवाद वगळता गुन्हा आहे. दात-नखांनी उलटणाऱ्या किंवा अंगाने मोठ्या सावजाला भिडण्यासाठी जी रग पूर्वी बुलच्या रक्तात शोधली जात असे, तिला आजच्या कायदेशीर कामात जवळजवळ जागाच राहिलेली नाही. रॅबिटचे वजन दीड-दोन किलो भरते. त्याला धरायला शौर्य लागत नाही. फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव शिकारी प्राणी) बिळात सोडून, बिळाच्या तोंडाशी जाळी लावून रॅबिट पकडताना कुत्र्याकडून वेगळ्याच गोष्टी हव्या असतात. बीळ वसलेले आहे की रिकामे हे त्याने वासावरून ओळखावे, जाळ्यांपाशी अर्धा-अर्धा तास निमूट बसावे, बाहेर आलेल्या फेरेटला दात लावू नये आणि निसटलेला रॅबिट न चिरडता हातात आणून द्यावा. जबड्याची पकड घट्ट असणे हा इथे गुण नसून दोष आहे, कारण चिरडलेले मांस खाण्याच्या उपयोगाचे राहत नाही.

"बुलच्या संकराला काही होत नाही" हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. धावणाऱ्या कुत्र्याला इजा होते ती बहुधा सावजामुळे नव्हे, तर काटेरी तार, गोठलेली जमीन, दगड आणि अंधार यांमुळे. एकाच वेगाने धावणाऱ्या ३० किलोच्या कुत्र्याची गतिज ऊर्जा २४ किलोच्या कुत्र्यापेक्षा सव्वापट असते; वळताना पायांच्या बोटांवर आणि मनगटावर येणारा ताणही वजनाबरोबर वाढतो. जाड हाड आणि भरलेले स्नायू थोडे संरक्षण देतात हे खरे, पण तारेवर आदळताना तेच वजन विरोधात जाते. त्यातून, ज्याला आपण माघार न घेणे म्हणतो ते पुष्कळदा वेदना न दाखवणे असते. असा कुत्रा फाटलेल्या कातडीने किंवा मोडलेल्या बोटाने रात्रभर धावत राहतो आणि मालकाला सकाळी कळते. दाट काटेरी झुडपांत घुसण्यासाठी आणि थोड्या अंतराच्या झडपेसाठी बुल आणि व्हिपेट यांचा आटोपशीर संकर खरोखर उपयोगी पडतो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तो काटक आहे म्हणून त्याला तपासायला नको, हे मुळीच मान्य नाही.

आता कॉलीचे डोके. इथे स्तुती करणारेही फसतात. हुशार कुत्रा आपल्याला हवे तेच शिकतो असे नाही. रॅबिट कुठे वळणार हे ओळखून आधीच मागे रेंगाळण्याची युक्तीही तोच लवकर शिकतो. कॉलीच्या रक्तामुळे मेंढ्यांची चिंता नाही, हा समज तर उलटाच आहे. मेंढ्या वळवणे ही मुळात आवरून धरलेली शिकारच आहे, आणि त्यात ग्रेहाउंडचा वेग मिसळला की आवर सुटू शकतो. पिल्लाला लहानपणापासून मेंढ्यांची सवय लावणे दोन्ही संकरांत सारखेच अनिवार्य आहे, कारण मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला ठरावीक परिस्थितीत गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला तिथला कायदा संरक्षण देतो.

जातीवरून स्वभाव ठरतो, हे गृहीतकही तपासले गेले आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेल्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्या-कुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने स्पष्ट होत होता. आज्ञाधारकपणात जातीचा ठसा इतर गुणांपेक्षा अधिक दिसला, हे कॉलीच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण तेवढ्यावर एखाद्या पिल्लाची हमी देता येत नाही. शिवाय "बुल संकर" या शब्दात अर्धे रक्त बुलचे असू शकते, तसा आठवा हिस्साही. शुद्ध ग्रेहाउंड आणि शुद्ध कॉली यांच्या पहिल्या पिढीची पिल्ले बरीचशी सारखी निघतात. दोन अर्धसंकरांच्या वेतात मात्र एक पिल्लू आजोबांवर तर दुसरे पणजीवर जाते.

बुलच्या बाजूला आणखी एक जोखीम आहे, जी सल्ला देणारे सांगत नाहीत. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्यात बंदी असलेला 'पिट बुल प्रकार' हा कागदपत्रांवरून नव्हे, तर शरीराच्या ठेवणीवरून ठरतो, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक्सएल बुली (बुल वंशातला थोराड कुत्रा) सूट-प्रमाणपत्राशिवाय बाळगणेही गुन्हा आहे. स्टॅफर्डशायर बुल टेरियरवर बंदी नाही. परंतु "बुल" एवढेच सांगून विकलेल्या पिल्लात नेमके कोणते रक्त आहे, हे न विचारता पैसे देणे धोक्याचे आहे.

म्हणून जातीऐवजी आई-बाप पाहावेत, शक्य असेल तर काम करताना पाहावेत: आई हाकेला परत येते का, सावज जिवंत आणून देते का, परक्या कुत्र्यांत शांत राहते का. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाकडून विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने ते आईबरोबर दाखवायचे असते. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कॉलीचे असो वा बुलचे, तिथूनच परतावे.