एकच फाइल आणि तीन काळे

काळा म्हणजे नक्की किती काळा, हे या प्रिंटरवाल्यांनी एकदा बसून ठरवून टाकावं. डोक्याला ताप झालाय नुसता.

काकांचं मृत्युपत्र, चार पानं. फाइल एक, फॉन्ट एक, अक्षर ११ पॉइंट. घरच्या प्रिंटरवर दोन पानं निघाली आणि तिसरं आत चुरगळून बसलं. निघायची घाई, म्हणून उरलेली दोन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढली. नोंदणी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चारही पानं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली, चष्मा वर केला आणि विचारलं, "ही मागची दोन नंतर घातलीत का?"

७८ वर्षांचे काका, काठी टेकत दोन जिने चढून आलेले. त्यांच्यासमोर हा प्रश्न! जणू पुतण्याने रात्रीतून पानं बदलून फ्लॅट खिशात घातला. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. ते जास्त लागलं.

आणि राग याचा की साहेबांचं चूक नव्हतं. पहिली दोन पानं काजळ फासल्यासारखी, पुढची दोन चुलीतल्या राखेसारखी. कुणालाही शंका यावी.

तिथून तडक झेरॉक्सवाल्याकडे. "सर, टोनर परवाच भरलाय." यांचा टोनर कायम परवाच भरलेला असतो! पण कुठला भरलाय? एकाच बाटलीतली सुटी पावडर दुकानातल्या सगळ्या मशीनच्या कार्ट्रिजमध्ये ओतायची. अरे, ती पावडर विजेच्या भारावर चालते. ज्या मशीनमध्ये घालायची तिला हवा तेवढाच भार पावडरला धरता यावा लागतो, नाहीतर ती नीट चिकटत नाही. शिवाय पावडर झेलणारा ड्रम तोच, उरलेली पुसणारं ब्लेड तेच, कार्ट्रिज कितव्यांदा भरलंय ते त्यालाही आठवत नाही. म्हटलं, जरा सेटिंग उघड. उघडलं, तर 'टोनर सेव्ह'वर टिक! म्हणजे अक्षरातले ठिपके मुद्दाम गाळायचे. टिक काढ म्हटलं तर म्हणतो, "मग परवडत नाही, सर." पानाला पाच रुपये घेतोस की रे!

त्याच्या अंगावर ओरडून घरी आलो आणि आमचा दिवटा प्रिंटर तपासला. त्याची डेन्सिटी, म्हणजे छपाई किती गडद तो आकडा, १ ते ५ मधली थेट ५ वर. कुणी केली? मीच. जुनं कार्ट्रिज संपत आलं होतं तेव्हा आणखी पन्नासेक पानं पिळून काढायला वाढवली होती. नवं कार्ट्रिज घातलं, आकडा तसाच राहिला. असो.

पण गडद म्हणजे चांगलं, हेही खोटं. आपल्या लिपीत तर मुळीच नाही. 'ध' आणि 'भ' यांची शिरोरेघ सुरुवातीला तुटलेली असते, 'घ' आणि 'म' यांची सलग. पावडर जरा पसरली की ती फट बुजते. भिंग लावून बघितलं: 'माझा धाकटा भाऊ' याचं 'माझा घाकटा माऊ' झालेलं. मृत्युपत्रात! फिकट पानांवर उलटी तऱ्हा, तिथे अनुस्वार उडालेले आणि शिरोरेघेला मुंग्या लागल्यासारख्या.

मशीनमध्ये खरं तर काळा रंग 'असतो' असं काही नाहीच. ड्रमला विजेचा भार देतात, लेझर जिथे पडेल तिथला तो उतरतो आणि तिथेच पावडर बसते. किती बसणार ते व्होल्टेजवर, पावडरवर आणि ड्रम किती घासलाय त्यावर. लेझरचा ठिपका गोल, थोडा बाहेर सांडणारा, म्हणून अक्षर जरा लठ्ठ होतं. काही जुन्या मशीन तर उलट्या, लेझर पांढऱ्या जागेवर मारणाऱ्या. तिथे तोच ठिपका अक्षराच्या कडा दोन्ही बाजूंनी खातो. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाला हे चाळीसेक वर्षांपूर्वी कळलं होतं. त्याच्या मेटाफॉन्ट या फॉन्ट घडवायच्या प्रोग्राममध्ये अक्षराची जाडी कमीजास्त करणारा 'ब्लॅकर' नावाचा आकडाच आहे, प्रत्येक प्रिंटरला वेगळा. आणि आज मला ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, तिसऱ्या टॅबमध्ये, 'अॅडव्हान्स्ड'च्या आत डेन्सिटी शोधावी लागते!

कार्ट्रिजच्या खोक्यावर मात्र ऐटीत छापतात, इतकी हजार पानं निघतील. हो, पानाचा ५ टक्के भाग काळा धरून. शिरोरेघा ओढलेलं आमचं गच्च पान ५ टक्क्यांत बसतं होय?

शेवटी डेन्सिटी ३ वर आणली, टोनर सेव्ह बंद आहे ना ते दोनदा बघितलं आणि चारही पानं घरीच काढली. पहिला संच पुन्हा ठिगळं पडल्यासारखा, कारण कागदाची रीम पावसाळी हवेत आठवडाभर उघडी पडलेली. दमट कागद पावडर नीट ओढून घेत नाही. नवी रीम आणली. म्हणजे आठ पानं काढली चार पानांसाठी.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा दोन जिने चढले. साहेबांनी पानं मांडली, उजेडात धरली, मान हलवली. मग शिक्का उचलला आणि ठाप्‌कन मारला. त्यावरची तारीख अजून कुणाला वाचता आलेली नाही.