जरा पाठसून हात लावा

ज्याला मी स्वतः, उष्ट्या हातांनी, उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवलं, त्याच्याच सेवेचे पाच टक्के माझ्या बिलात लागले. चार दिवस झाले, पचत नाही. बांगडा केव्हाच पचला.

तारकर्लीहून मालवणात येताना भूक लागली, हॉटेल दिसलं, शिरलो. वाढायला रोबो! चाकांवरची चार कप्प्यांची मांडणी आणि वर पडद्यावर मांजराचं तोंड. माशाची थाळी मांजराच्या हवाली करायची कल्पना ज्याला सुचली, त्याने मालवणातलं मांजर पाहिलेलं नसणार. खरं मांजर माझ्या टेबलाखालीच होतं. ते त्या दुसऱ्याकडे ज्या नजरेने बघत होतं, ती नजर मी फक्त जमिनीच्या दाव्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात, सख्ख्या चुलत भावांकडे पाहिली आहे.

खांद्यावर फडकं टाकून एक वाढपी काका भिंतीला टेकले होते. हातभर अंतरावर सोलकढीचा जग. म्हटलं, "काका, जरा कढी."

"तो घेवन येतलो."

"जग तुमच्याजवळच आहे की."

"माका सांगू नकात. मालकाक वायट दिसता. तेचे हप्ते चालू हत."

मग काका हळूच जवळ सरकले. "चतुर्थीक आमी सगळे रजेर. म्हणान मालकान हो हाडलो. ह्येका घर नाय, गणपती नाय, सासुरवाडी नाय. चार्जिंगाक मात्र मीच लावचा."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"माका कसली? पोरगो यंदा कामाक लागतलो हुतो हय. तेका मालक म्हणालो, बघूया." फडकं त्यांनी उगाचच झटकलं. "टिप लोक तेच्या ट्रेत ठेवतत. तो ती गल्ल्यार नेवन देता. प्रामाणिक मेलो!"

धीर द्यावा म्हणून मी जपानची गोष्ट काढली. नागासाकी प्रांतात २०१५ साली रोबोंनी चालवलेलं हॉटेल निघालं. खोलीतली बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला हुकूम समजायची आणि मध्यरात्री त्याला उठवून विचारायची, काय म्हणालात? २०१९ पर्यंत २४३ रोबोंपैकी निम्म्याहून जास्त कामावरून काढले.

काकांनी विचार केला. "तेंका हिशोब गावलो?"

तेवढ्यात कढी निघाली आणि उंबऱ्याशी अडली. दोन बोटं उंचीचा उंबरा, पण चाकाला तो सह्याद्री. मांजर गोड आवाजात हिंदीतून वाट मागू लागलं. कोणाकडे? उंबऱ्याकडे! हात धुवायचं बेसिन पलीकडे, मी अलीकडे, बोटांना तिरफळाचा वास.

"पाठसून जरा हात लावा," काका म्हणाले. शिमग्याची पालखी उचलावी तसा आम्ही तो उचलला. निम्मी कढी माझ्या पँटवर. उरलेली वाटी बिलात, पूर्ण किमतीला.

सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय, हे मला पाठ आहे. गल्ल्यावर मात्र तोंडातून निघालं, "जीपे चालेल ना?" लाज वाटते अशा वेळी. ओल्या पँटवर कायदा बोलता येत नाही.

पन्नासची नोट ट्रेत न ठेवता काकांच्या हातात दिली. त्यांनी आधी गल्ल्याकडे बघितलं, मग ती फडक्यात सारली.

"परत येशात तेवा चतुर्थीक येव नकात," ते म्हणाले. "तेवा तो एकटोच आसतलो."