आईबापाला आत टाकतात म्हणे!

सकाळी सकाळी मैत्रिणीचा फोन. आवाज रडवेला. पोराला यंदा पाचवीनंतर शाळेतून काढायचं आणि घरीच शिकवायचं, असं नवराबायकोचं जवळजवळ ठरलं होतं. काल वकील दीर जेवायला आले आणि आमटी भुरकता भुरकता सांगून गेले, "वहिनी, मुलाला शाळेत न घालणं गुन्हा आहे. आईबापाला आत टाकतात." झालं! ही रात्रभर टक्क जागी.

मी म्हणते, कुणाला आत टाकायचंच असेल तर अशा दिरांना टाका. कलम कुठलं विचारलं तर म्हणे "आरटीई". पुढे गाडी सरकेना.

वाचलाय का तो शिक्षणहक्क कायदा कुणी? २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य. बरोबर. पण ते नाही केलं तर काय, यावर हा कायदा गप्प आहे. दंड आहे तो कलम १८ मध्ये, विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला. एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणजे सोसायटीतली पोरं गोळा करून, फी घेऊन 'लर्निंग सेंटर' काढलंत तर अडकाल. पोटच्या पोराला ओट्यापाशी बसवून अपूर्णांक शिकवलेत म्हणून आरटीईखाली तुरुंग नाही. अर्थात 'खुशाल शिकवा' असंही त्यात कुठे लिहिलेलं नाही. सगळा गोंधळ तिथेच आहे.

आमच्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला बाई आल्या होत्या. भर दुपारी, लिफ्ट बंद, चौथा मजला. घामाघूम. लेक हॉलमध्ये जुना मिक्सर खोलून, स्क्रू ताटलीत मांडून बसलेली. "शाळेत जात नाही?" नाही. "कधीच गेली नाही?" दुसरीपर्यंत गेली. बाईंच्या तक्त्यात रकाने दोनच: कधीच दाखल न झालेली आणि मधेच सोडलेली. पुढे कारण लिहायचं. बाई एकदा मिक्सरकडे बघतात, एकदा तक्त्याकडे. शेवटी मलाच म्हणाल्या, "अहो, हिला कशात घालू?"

तिसरा रकाना आखायला किती शाई लागते हो सरकारला? माझी मावसबहीण पेनसिल्व्हेनियात असते. तिथे दरवर्षी नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र द्या, १८० दिवस शिकवल्याची नोंद ठेवा, वर्षाअखेरीस मूल्यमापन करून घ्या. कटकट आहे, पण लेखी आहे. शेजारच्या न्यू जर्सीत तर कळवण्याचीही सक्ती नाही. आपल्याकडे सगळं दिरांच्या तोंडी.

त्या बाईंवर मात्र माझा राग नाही. आमच्याकडे येण्याआधी त्या मागच्या बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जाऊन आल्या होत्या. तिथली एक पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते, हे त्यांनीच सांगितलं. सरबत हातात तसंच राहिलं. कायदा तिच्यासाठी आहे, आणि असायलाच हवा. 'घरीच शिकवतो' म्हणून मुलीला चुलीपुढे बसवणारेही निघतील, हे मान्य. पण म्हणून माझ्या मैत्रिणीने रात्रभर रडायचं?

बाई उठताना एकच म्हणाल्या, "दाखला नीट ठेवलाय ना?" त्या घटकेला एवढं कामाचं दुसरं कुणी बोललं नव्हतं. पुढे दहावीला खाजगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म, आणि त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय आहे, वयाची १४ पूर्ण झाली की दहावी देता येते. घरी नाहीच जमलं तर कलम ४ आहे, वयानुसार वर्गात परत घ्यावंच लागतं. बारावीला मात्र फाटा देऊ नका. मुंबईची मालविका जोशी सातवीनंतर शाळा सोडून ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ साली एमआयटीत गेली (अमेरिकेतल्या, कोथरूडच्या नव्हे). आपल्या आयआयटीचं दार बारावी नाही म्हणून तिला बंदच होतं. पदकं भारताच्या नावावर आणि पोरगी अमेरिकेला! चीड येते नुसती.

मैत्रिणीला कलमांचे फोटो पाठवलेत. दिरांनाही फॉरवर्ड कर म्हटलं, घरात वाद झाला तर होऊ दे.

आणि आता कमेंटमध्ये कुणीतरी येणारच, 'पण मग मुलांच्या सोशल लाइफचं काय?' सहा वाजता आमच्या पार्किंगमध्ये या. लेक ओपनिंगला असते. आत्तापर्यंतच्या सगळ्या फुटक्या काचांची बिलं माझ्याकडे आहेत.