तासाचा दर विचारता, सर्किटचं काय?

वैमानिक प्रशिक्षण देशात घ्यावं की परदेशात, हा वाद हल्ली मराठी घरांत वारंवार रंगतो. सगळी चर्चा तासाच्या दराभोवती आणि परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे 200 तास किती महिन्यांत भरतात याभोवती फिरते. बाहेर गेलं की सुरक्षितता आपोआप मिळते, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. कॅनडात राहून हे मला पटत नाही. जुलै 2025 मध्ये मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ टेक-ऑफ आणि लँडिंगचा सराव करणारी दोन सेस्ना विमानं एकाच धावपट्टीकडे येताना हवेत धडकली. दोन्ही विद्यार्थी गेले, त्यातला एक केरळचा. रेडिओ दोन्ही विमानांत होता.

टॉवर नसलेल्या धावपट्ट्या इथेही आहेत, महाराष्ट्रातही. तिथे जमिनीपासून साधारण 1,000 फुटांवर सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी, चालतं. अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची दाखवतो; सगळ्यांनी त्यावर त्या वेळचा एकच दाब लावलेला आहे, या भरवशावर विमानं एकमेकांना सांभाळतात. कॅनडात हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. कॅनडात शिकून परतलेल्यांची खरी गोची यातच होते. हवेचा दाब खूप कमी असलेल्या दिवशी रेडिओवर ‘नाइन नाइन टू’ ऐकू येतं, म्हणजे 992 हेक्टोपास्कल. सवयीचा हात मात्र 29.92 इंच लावून मोकळा होतो, आणि ते होतात 1013. फरक 21 हेक्टोपास्कलचा. एकाला सुमारे 28 फूट धरले, तर विमान काट्यावर दिसतं त्यापेक्षा जवळजवळ 600 फूट खाली. काटा 1,500 म्हणतो, विमान 900 वर. इंचाचा आकडाच चुकला, 29 च्या जागी 28 लागला, तर फरक थेट 1,000 फुटांचा.

उपाय फुकट आहे. दाब लावल्यावर काटा विमानतळाच्या उंचीशी ताडून बघायचा. 50 फुटांहून जास्त तफावत असेल, तर कारण सापडेपर्यंत उडायचं नाही. रेडिओवर सांगितलेला हा दाब, म्हणजे ‘क्यूएनएच’, परत म्हणून दाखवताना एककही म्हणायचं.

टॅब्लेटवर आसपासची जी विमानं दिसतात, ती फक्त आपली जागा सांगणारे संदेश पाठवणारी. जुन्या प्रशिक्षण विमानात ते संदेश पाठवणारं यंत्र नसेल, तर पडदा कोराच. सेस्नाचा पंख वर असतो, वळताना तो आतली बाजूच झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख जरा उचलून बघायचं. पायपर या दुसऱ्या प्रशिक्षण विमानाचा पंख खाली, त्यामुळे उतरताना खालचं दिसत नाही. सर्किटमध्ये वरून घुसत उतरणं तर सरळ टाळावं, सर्किटची उंची बाहेरच धरावी. आणि काचेवर एखादा ठिपका जागचा हलत नसेल, मोठा मात्र होत असेल, तर तो तुमच्याच वाटेवर आहे.

तेव्हा शाळा निवडताना दराच्या आधी हे विचारा: एका वेळी सर्किटमध्ये किती विमानं सोडता? एकट्याने उडणारा विद्यार्थी दिसला नाही, तर जमिनीवरून रेडिओवर कोण बोलतं?