पाच हजारांच्या आतली चोरीही चोरीच

संत्र्याच्या तोडणीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'नव्या कायद्यात 5000 रुपयांच्या आतली चोरी गुन्हा नाही. झाडावरचा माल चोरीत मोडत नाही. वस्तू परत दिली की विषय संपला.' रात्रभर वावरात जागल करणाऱ्या कास्तकाराच्या जिवावर उठलेलं हे ज्ञान आहे, म्हणून उत्तर देतो.

5000 रुपयांचं आधी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 303 पाहा. किंमत कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवा. ती शिक्षाच आहे, आणि गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा होत नाही. मेसेजात खरं एवढंच की अशी चोरी आता अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण ठाण्यात तक्रार नोंदवावीच लागते. तिची प्रत मागून घ्या. विहिरीवरची केबल तीन-चार हजारांची असेल, पण ऐन ओलितात ती कापून नेली तर हरभरा वाळतो. आणि कापूस कोठ्यातून गेला असेल, तर कलम 305 लागतं. राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून केलेल्या चोरीला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे 5000 ची सवलतच नाही.

झाडावरच्या मालाचं म्हणणं अर्धवट वाचनातून आलंय. जमिनीला जखडलेली वस्तू चोरता येत नाही, हे 1860 च्या दंड संहितेतही होतं. पण त्याच कलमाचं पुढचं वाक्य सांगतं की ती तोडून वेगळी केली की चोरीची वस्तू होते. संत्रं देठापासून तुटलं, तिथेच.

मग सरवा वेचणारी बाई चोर का? नाही. पीक निघाल्यावर पडलेली बोंडं वेचू देणं ही आपल्याकडची रीत आहे, आणि कायदा न बोलता दिलेली संमतीही मानतो. मालाच्या किमतीआधी हेच पाहिलं जातं: ताबा कुणाचा, संमती होती का, नेणाऱ्याची नियत काय.

परत देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालय 1962 मध्येच बोललंय. राजस्थानातल्या एका कर्मचाऱ्यानं कचेरीतली फाइल घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवली. तरी ती चोरीच ठरली.