हो, मी त्याचं वकीलपत्र घेतलंय

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. थेट विचारलं, "बलात्काराच्या आरोपीचं वकीलपत्र घेतलंस म्हणे?" मी हो म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुलाही मुलगी आहे गं." आणि फोन ठेवला.

तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून आज लिहितेय. माझ्या हातातल्या खटल्याबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही, ते कोर्टातच बोलायचं असतं. पण मी हे काम का करते, ते तिला कळावं असं फार वाटतं.

१९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एका २२ वर्षांच्या विद्यार्थिनीवर घरात शिरून बलात्कार झाला. तशा अवस्थेतही तिने त्या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवला, पुढे ओळखता यावा म्हणून. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला ओळखलं, मग ओळखपरेडीतही ओळखलं. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला तेव्हा बॉबी पूल नावाच्या कैद्याला तिच्यासमोर उभं केलं गेलं. ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलं नाही. कॉटनला जन्मठेप झाली. १९९५ साली डीएनए तपासणी झाली आणि गुन्हेगार पूलच निघाला. कॉटनची दहाहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती.

या घटनेत ती मुलगी एक शब्दही खोटं बोललेली नाही. अत्याचार खरा होता, तिचं दुःख खरं होतं, तिची खात्रीही खरी होती. माणूस चुकीचा होता. पुढे ती कॉटनला भेटली, आणि सदोष ओळखपरेडींविरुद्ध दोघं एकत्र बोलू लागले. कोणी 'बायका खोट्या केसेस टाकतात' असं माझ्यासमोर म्हणालं की मला राग येतो, आणि तेव्हा मला हीच आठवते. बचाव म्हणजे बाईला खोटं पाडणं, असं ज्यांना वाटतं त्यांना हे कामच कळलेलं नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं. १९८६ साली लेस्टरशायरमध्ये १५ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. १७ वर्षांच्या एका मुलाने पोलिसांपुढे कबुली दिली. तीन वर्षांपूर्वी जवळच एका मुलीचा तसाच खून झाला होता, तोही यानेच केला असावा असा पोलिसांचा कयास होता. लेस्टर विद्यापीठातले ॲलेक जेफ्रीज तेव्हा डीएनएवरून माणूस ओळखण्याची नवी पद्धत वापरात आणत होते. त्यांच्या तपासणीत दोन्ही खून एकाच माणसाने केल्याचं दिसलं, पण तो माणूस हा मुलगा नव्हता. डीएनएमुळे आरोपातून सुटलेला जगातला पहिला माणूस तो. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क पुढच्या वर्षी सापडला. रक्ताच्या तपासणीला त्याने स्वतःच्या नावावर दुसऱ्यालाच पाठवलं होतं. त्या मुलाच्या कबुलीवर सगळे समाधान मानून बसले असते, तर पिचफोर्क त्याच भागात मोकळा फिरत राहिला असता. मैत्रिणीला मला हेच सांगायचं होतं: मला मुलगी आहे, म्हणूनच.

आता अवघड भागाकडे येते. बहुतेक खटल्यांत अनोळखी माणूस नसतो. दोघं एकमेकांना ओळखत असतात, डीएनए जुळतोच, आणि सगळा वाद संमतीवर येऊन थांबतो. तिथे प्रयोगशाळा मदतीला येत नाही. तिथे मी काय करते? कागद वाचते. फिर्याद, पुरवणी जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, कॉलचे तपशील, मेसेज. कोणता मेसेज पोलिसांनी जोडला आणि त्याच्या आधीचा कोणता वगळला. वेळा जुळतात का. कंटाळवाणं काम आहे, रात्र रात्र चालतं.

आणि जे करत नाही तेही सांगते. ज्युनिअर असताना एकदा माझ्या सीनिअरनी उलटतपासणीत चिठ्ठी पुढे सरकवली: इतक्या रात्री ती बाहेर का होती, विचार. मी विचारलं. त्या बाईने उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. बाईच बाईला हे विचारतेय, असं त्या नजरेत होतं. त्या प्रश्नाने आमच्या पक्षकाराचा कणभर फायदा झाला नाही, होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मला आजही त्याची लाज वाटते. पीडितेच्या पूर्वायुष्यावर प्रश्न विचारायला इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने बरीच बंधनं घातली. भारतात तिचं चारित्र्य चव्हाट्यावर आणून साक्ष खोटी पाडायची मुभा देणारं कलम २००३ मध्ये पुराव्याच्या कायद्यातून काढलं गेलं. ही बंधनं मला अडचण वाटत नाहीत. चारित्र्यावर घसरणारा वकील बहुतेक वेळा कागद न वाचता आलेला असतो.

"आणि त्याने केलंच असेल तर?" हेही लोक विचारतात. पक्षकाराने माझ्याकडे कबूल केलं, तर मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याच्याकडून खोटं वदवून घेऊ शकत नाही. सरकार पक्षाने पुरावा कायद्याप्रमाणे आणलाय का, शिक्षा किती असावी, एवढंच मी बोलू शकते आणि तेवढं बोलते.

बचाव लंगडा राहिला तर काय होतं? १९३१ साली अलाबामात नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरच्या बलात्काराचा आरोप आला. खटला सुरू व्हायच्या सकाळपर्यंत त्यांच्यासाठी खात्रीने उभा राहणारा वकील नव्हता. काही दिवसांत आठ जणांना फाशी सुनावली गेली. १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या.

हा शंभर वर्षांपूर्वीचा परका किस्सा म्हणून सोडून देऊ नका. भारतात २०१३ साली एका लहान मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, ज्या दिवशी सरकारी मदतीतला वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. सगळी सुनावणी दोन आठवड्यांच्या आत उरकली. फाशी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं, आणि असा वकील किमान १० वर्षं वकिली केलेला असावा, त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, असं घालून दिलं. त्या मुलीच्या आईवडिलांचा विचार करा. सहा वर्षांनी सगळं पहिल्यापासून. 'पटकन लटकवा' म्हणणाऱ्या कोणालाही ते पुन्हा साक्षीला उभं राहणं भोगावं लागलं नाही.

मैत्रिणीला काल हे सगळं मेसेज करायला घेतलं आणि पुसलं. त्याऐवजी फक्त विचारलं, भेटशील का. अजून उत्तर नाही. सोमवारी तारीख आहे, पुरवणी जबाब मला अजून दोनदा वाचायचेत.