महिन्याला पंधरा पानं आणि त्यासाठी एवढा छळ

रविवारी रात्री पावणेदहाला पोराच्या प्रोजेक्टचा शेवटचा फोटो प्रिंटरमधून बाहेर आला आणि रायगडावरचं आभाळ गुलाबी होतं. गवत पिवळं, आभाळ गुलाबी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या पांढऱ्या रेघा. निळा रंग येतच नव्हता. पोरगा चौथीत आहे, चार दिवस बसून त्याने किल्ल्यांची माहिती स्वतःच्या हाताने लिहिलीये, फक्त फोटो चिकटवायचे बाकी होते आणि सकाळी सातला स्कूल बस. मी हेड क्लीनिंग (शाई सोडणारा भाग मशीनने स्वतःच धुणं) लावलं. दोन-तीन मिनिटं आतून घरघर, परत प्रिंट, परत गुलाबी. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं आणि त्यानंतर स्क्रीनवर मेसेज, रंगीत कार्ट्रिज संपली. म्हणजे जी शाई कागदावर यायला हवी होती ती त्या मशीनने स्वतःला धुण्यात संपवली, माझ्या डोळ्यासमोर, आणि मलाच सांगतोय नवीन आणा!

बरं ठीके, रंगीत राहू दे, निदान काळ्या अक्षरातली दोन पानं तरी काढू म्हटलं तर तेही नाही, काळी कार्ट्रिज अर्धी भरलेली असताना आधी रंगीत बदला मगच पुढे. मग मी सासूबाईंच्या बँकेचा एक कागद स्कॅन करायला गेले तर स्कॅनही नाही. अरे स्कॅनला शाई कशाला लागते? काचेवर कागद ठेवायचा आणि फोटो काढायचा, त्यात शाईचा संबंध येतो कुठे? मी पैसे मोजून घेतलेलं, माझ्या घरात माझ्या विजेवर चालणारं मशीन मला अडवतंय कारण मी त्याची शाई विकत आणलेली नाही. यावर संताप येणार नाही तर काय होणार.

मागच्या वर्षी पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून हा प्रिंटर घेतला होता. दुकानदाराला मी स्वच्छ सांगितलं होतं की दादा आमचं काम फार कमी आहे, महिन्याला दहा-पंधरा पानं, आधारची कॉपी, शाळेचं काहीतरी, सोसायटीची नोटीस, कधी भाडेकरार, बास, कधीकधी तीन-तीन आठवडे हातही लागणार नाही. तो म्हणाला, "मॅडम, मग हाच घ्या, घरगुती वापराला बेस्ट, कमी वापर असेल तर एवढा स्वस्त दुसरा नाही." 4,200 रुपये. प्रिंट, स्कॅन, कॉपी, वायफाय सगळं. मीही घेतला.

आता हे वाक्य मी रोज आठवते, कमी वापर असेल तर. साफ उलटं आहे हे! शाईचा प्रिंटर कमी वापरणाऱ्याच्या घरातच मरतो. त्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात, त्यातून शाईचे थेंब उडतात, आणि शाई म्हणजे बहुतांशी पाणी. दोन-तीन आठवडे मशीन पडून राहिलं की त्या भोकांच्या तोंडाशी शाई वाळते, आणि पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर बघायलाच नको. वाळली की क्लीनिंग करा, क्लीनिंग म्हणजे शाई जोरात ओढून काढायची आणि आत एक स्पंज असतो त्यात टाकून द्यायची. म्हणजे वापरलं नाही तरी शाई संपते. हे विकणाऱ्याला माहीत नसतं का? रोज तेच विकतो तो. माहीत असतं.

आणि खोक्यावर लिहिलेल्या पानांच्या आकड्याबद्दल तर बोलायलाच हवं. काळ्या कार्ट्रिजवर 120 पानं लिहिलंय. आता हा आकडा काय हवेत काढलेला नाही, त्याला रीतसर आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 24711, ठरलेली चाचणीची पानं घ्यायची आणि कार्ट्रिज संपेपर्यंत सलग छापत राहायचं. सलग! कोणाच्या घरी एका बैठकीत 120 पानं निघतात? तीन आठवडे बंद, मग दोन पानं, मग परत बंद, हा घरातला वापर त्या चाचणीत येतच नाही, आणि मधल्या प्रत्येक क्लीनिंगला जी शाई जाते तिचा हिशोब खोक्यावर येत नाही. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकाच डबीत असतात, त्यातला एक गेला की उरलेले दोन भरलेले असले तरी अख्खी डबी कचऱ्यात. माझा निळा गेला, पिवळा आणि गुलाबी आत तसाच आहे. तो पण मी विकत घेतलेलाच होता ना.

काल रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. प्रिंटर 4,200. काळी कार्ट्रिज 850 ची दोनदा, रंगीत 1,050 ची दोनदा. मध्ये एकदा 500 रुपयांची दुसऱ्या कंपनीची काळी आणली, ती आठ दिवस चालली आणि एका रात्री प्रिंटरने वायफायवरून आपोआप अपडेट घेतला, सकाळी मेसेज, ही कार्ट्रिज ओरिजिनल नाही, चालणार नाही. आदल्या दिवशी चालत होती तीच! त्यातल्या चिपवरून ओळखतात ते. एकूण झाले 8,500. मग मशीनमधून स्टेटसचं पान काढलेलं होतं जुनं, त्यावर आजवर छापलेली पानं लिहिलेली असतात, त्यात नंतरची धरली तर चौदा महिन्यात 212 पानं. म्हणजे पानाला चाळीस रुपये. आमच्या कोपऱ्यावर झेरॉक्सवाले काका काळ्या प्रिंटचे तीन रुपये घेतात आणि रंगीतचे दहा. सगळीच्या सगळी 212 पानं रंगीत काढली असती तरी 2,120 झाले असते.

नवरा म्हणतो मग काकांकडेच जा की, कशाला डोक्याला ताप. जायचे ना मी, दहा वर्षं तेच केलं. पण एकदा काकांच्या दुकानात गर्दी होती म्हणून त्यांनी मलाच कॉम्प्युटरवर बसवलं, तुमची फाईल तुम्हीच शोधा म्हणाले, आणि मी डाउनलोडचा फोल्डर उघडला तर त्यात लोकांची आधार कार्डं. एकाखाली एक. पॅन, पासबुकं, कोणाचा तरी मेडिकल रिपोर्ट, कोणाच्या तरी मुलीचा पासपोर्ट, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आणि तिथेच पडलेले. काका भले माणूस आहेत, त्यांच्या मनात काही नाही, पण त्या खुर्चीत दिवसभरात कोण कोण बसतं ते त्यांना तरी ठाऊक आहे का? मी माझी फाईल शोधून डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला आणि घरी येताना ठरवलं की घरचा प्रिंटर घ्यायचा. (मास्क्ड आधार मिळतं डाउनलोड करायला, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, चालत असेल तिथे तेच द्या, हे आपलं जाता जाता.) तर हौस म्हणून नव्हता घेतला मी प्रिंटर. गरज होती, आहे.

वायफायचा तर वेगळाच त्रास. आमचा राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड एकाच नावाने सोडतो, प्रिंटरला फक्त 2.4 कळतं, फोन बसलेला पाचवर, आणि अ‍ॅप म्हणतं प्रिंटर सापडला नाही. हे शोधायला माझा एक अख्खा शनिवार गेला कारण कस्टमर केअरवाली मुलगी प्रत्येक वेळी एकच सांगत होती, मॅडम रिस्टार्ट करा. शेवटी राउटरमध्ये जाऊन दोन नावं वेगळी केली तेव्हा जोडला गेला. आणि अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक पान छापायला माझा ईमेल, फोन नंबर, लोकेशन कशाला पाहिजे?

रविवारचं ते झाल्यावर सोमवारी मी हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या टेबलवरचा मुलगा, वय असेल बावीस-तेवीस, माझं सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, आठवड्याला एक तरी रंगीत पान काढत जा, म्हणजे सुकत नाही." म्हणजे गरज नसताना छापायचं, मशीन जिवंत राहावं म्हणून! मग मी विचारलं, टँकवाला घेऊ का, सगळे तेच सांगतात, बाटलीने शाई भरायची, हजारो पानं निघतात. त्यावर तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या वापराला नको." महिन्याला शंभर-दीडशे पानं निघत असतील, घरात क्लासेस असतील, तर टँक एकदम बरोबर आहे, पानाचा खर्च पैशांत येतो. पण शाई तीच, सुकायची खोड तीच, आणि माझ्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजबरोबर निदान नवीन तरी येतं, बऱ्याच टँकमध्ये ते मशीनला कायमचं बसवलेलं असतं, ते जाम झालं की काही हजारांचा खर्च. "तुम्ही साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर घ्यायला पाहिजे होता," म्हणाला.

हे मला दुकानात का नाही कोणी सांगितलं? लेझरमध्ये शाईच नसते. टोनर म्हणजे कोरडी पावडर, ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतात. कोरड्याला अजून काय कोरडं व्हायचंय? तीन महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ. एका टोनरमध्ये हजार-दीड हजार पानं, म्हणजे आमच्या वापराला सहा ते आठ वर्षं. किंमत दहा-बारा हजारांच्या पुढे सुरू होते, म्हणून तो खरेदीच्या दिवशी महाग वाटतो आणि दुकानदार 4,200 वाला पुढे सरकवतो. काही मशीनबरोबर येणारा पहिला टोनर अर्धवट भरलेला असतो आणि लेझर चालू होताना वीज जोरात ओढतो म्हणून घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावायचा नाही, लाइट गेली तर थांबायचं. एवढंच. रंगीत लागलंच तर किल्ल्याचा फोटो काकांकडे काढायला माझी काही हरकत नाही, रायगड कोणी चोरणार नाही त्यांच्या कॉम्प्युटरवरून. आधार आणि बँकेचे कागद घरी काळ्यात निघाले म्हणजे झालं.

पोराने सोमवारी गुलाबी आभाळाचा रायगड चिकटवून नेला. बाईंनी काही म्हटलं नाही पण त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं, संध्याकाळी म्हणाला आई मी त्यावर निळा खडू फिरवला होता पण तो कागद गुळगुळीत होता, खडू लागला नाही. हे ऐकलं आणि परत डोकं फिरलं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तशीच तपकीर गल्लीत गेले. तोच दुकानदार, तोच काउंटर, आणि एक आजोबा तोच 4,200 वाला खोका हातात धरून उभे होते, पेन्शनचे कागद काढायचे म्हणत होते, वर्षातून दोन-चारदा. मी सरळ मध्ये पडले आणि त्यांना सांगितलं काका हा घेऊ नका, दोन महिन्यांत सुकेल. दुकानदार चिडला. मी त्याला विचारलं, मी तुम्हाला महिन्याला पंधरा पानं सांगितली होती, तरी हा का दिलात मला?

म्हणाला, "मॅडम, सगळे हाच नेतात."